भाऊबीज, गाभारा, निवद: देवाधर्माच्या शब्दांचं मूळ कसं शोधावं

भाऊबीजेतल्या ‘बीज’चा बी-बियाण्याशी काडीचाही संबंध नाही. ही बीज म्हणजे द्वितीया, कार्तिक शुद्ध द्वितीया. तुकाराम बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया, तिथंही तेच. तरी दर दिवाळीला ‘बहीण-भावाच्या मायेचं बीज’ असा अर्थ सांगणारे संदेश फिरतात, आणि ऐकायला गोड लागतात म्हणून कुणी अडवत नाही. मला वाटतं, अडवावं. शब्दाची खरी हकीकत त्या रचलेल्या अर्थापेक्षा जास्त सुंदर आहे, आणि ती शोधायचं निम्मं साहित्य आपल्याच तोंडात आहे.

बीजेचंच घेऊ. मूळ संस्कृत शब्द द्वितीया. प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या बोलभाषांत, आरंभीच्या ‘द्व’चा ‘ब’ झाला. बारा, बावीस, बत्तीस यांतला ‘ब’ तोच. मधला ‘त’ गळाला, शेवटच्या ‘-ईया’चं ‘-इज्जा’ झालं आणि ‘बिइज्जा’ तयार झाला. मराठीत येताना जोडाक्षर सुटं झालं, आधीचा स्वर लांबला: बीज. तृतीया याच वाटेनं ‘तइज्जा’ होऊन तीज झाली. आता धान्याचं ‘बीज’ बघा. त्यातला ‘ज’ एकेरी आहे. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला क, ग, च, ज, त, द, प, य किंवा व प्राकृतात बहुधा गळून पडतो. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र यानं बाराव्या शतकात हा नियम एका सूत्रात बांधून ठेवला आहे. ‘बीज’मधला ‘ज’ गळाला आणि उरलं ‘बी’. शेतकरी पेरतो ते हेच बी. भाऊबीजेतला ‘ज’ दुहेरी होता म्हणून टिकला, बियाण्यातला एकेरी होता म्हणून गेला. संस्कृतातलं ‘बीज’ आणि भाऊबीजेतली ‘बीज’ आज सारखे दिसतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत.

दिवाळीच्या आठवड्यात असे शब्द ओळीनं येतात. वसुबारस म्हणजे द्वादशी, धनतेरस म्हणजे त्रयोदशी, पाडवा म्हणजे प्रतिपदा, बीज म्हणजे द्वितीया. तिथीवरून पडलेल्या नावांपैकी नरकचतुर्दशीच काय ती संस्कृत वेषात राहिली. पाडव्यात तर चार-पाच नियम एकदम दिसतात. ‘प्र’मधला र गेला, ‘प्रति’चं ‘पडि’ झालं (प्रतिशब्दाचा पडसाद झाला तसंच), दुसऱ्या ‘प’चा ‘व’ झाला, ‘द’ गळाला, ‘पडिवआ’चा पाडवा झाला. दीपावलीची दिवाळी होतानाही ‘प’चा ‘व’ आणि ‘ल’चा ‘ळ’ झाला. दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ होतो, हा आपला अगदी ओळखीचा नियम: फल, फळ; कलश, कळस.

‘सण’ हा शब्द कुठून आला असेल, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही, इतका तो घरचा आहे. तो ‘क्षण’ आहे. संस्कृतात क्षण म्हणजे वेळेचा तुकडा, तसाच उत्सवही. अमरकोश या संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात उत्सवाच्या पर्यायांत ‘क्षण’ आलेला आहे. क्षचा प्राकृतात छ झाला आणि मराठीत त्या छचा स किंवा श. म्हणून क्षणाचा सण, क्षेत्राचं शेत, कुक्षीची कूस. तुम्ही ज्याला ‘तीर्थक्षेत्र’ म्हणता त्यातलं क्षेत्र आणि गावाकडचं शेत हा एकच शब्द आहे.

पौर्णिमेची पुनव आणि अमावास्येची अवस यांना ‘गावंढळ’ म्हणून बाजूला सारलं जातं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ‘पूर्णिमा’चं ‘पुण्णिमा’ होऊन शेवटच्या मचा व झाला, तेव्हा पुनव झाली. ग्रामाचं गाव, नामाचं नाव, गोस्वामीचा गोसावी आणि श्यामलाचा सावळा ज्या नियमानं झाला, त्याच नियमानं. महानुभावांच्या जुन्या गद्यात पंथाचे संस्थापक चक्रधर यांना ‘गोसावी’ म्हटलं आहे आणि विठोबाला आपण सावळा म्हणतो. पुनव अशुद्ध असेल तर सावळाही अशुद्ध ठरेल. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, विदर्भात अखिती. ही अपभ्रष्ट रूपं म्हणून हसण्यावारी न्यायची नाहीत. ती वापरात झिजून गुळगुळीत झालेली रूपं आहेत.

तिथ्यांचाच एक धागा बाळंतिणीच्या खोलीत जातो. जन्मानंतर सहाव्या रात्री जिची पूजा होते, जी बाळाच्या कपाळावर भविष्य लिहिते अशी श्रद्धा आहे, ती सटवाई. षष्ठी, सट्ठी, सटी. त्याला ‘आई’ जोडलं. म्हणजे देवीचं नाव मुळात दिवसाचा आकडा आहे. तसंच बारसं. त्याचा नावाशी किंवा पाळण्याशी शब्द म्हणून संबंध नाही. बाराव्या दिवशीचा विधी तो बारसं, द्वादशीच्याच कुळातला. आता सवडीनुसार महिन्या-दोन महिन्यांनी बारसं होतं, पण शब्दानं दिवस धरून ठेवला आहे.

आता देवळात जाऊ. देऊळ म्हणजे देवकुल. कुल म्हणजे घराणं तसंच घर. मधला क गळाला, ल चा ळ झाला: देउल, देऊळ. राजकुलाचं याच रीतीनं राऊळ झालं, म्हणजे मूळ अर्थ राजवाडा. पुढे देवालाच राजा मानून देवळालाही राऊळ म्हणू लागले. आत गाभारा आहे तो गर्भागार, गर्भ अधिक आगार. र्भचा ब्भ, मग एकेरी भ आणि आधीचा स्वर दीर्घ. केळीचा गाभा, गाभण गाय आणि देवाचा गाभारा या तिन्हींत एकच गर्भ आहे. वर कळस आहे, म्हणजे कलश, पाण्याचा घडा. शिखराच्या टोकाला नीट पाहिलं तर घड्याचा आकार दिसतोच.

पण देवळातला माझा सगळ्यात लाडका शब्द ओवरी आहे. पंढरपूरला, जेजुरीला देवळाभोवतीच्या तटाच्या भिंतीला लागून ज्या कमानीदार खोल्या असतात, जिथं यात्रेकरू टेकतात, त्या ओवऱ्या. मूळ शब्द अपवरक, म्हणजे आतली खोली. आरंभीच्या ‘अप’चा ‘ओ’ झाला आणि शेवटचा क गळाला. हे नुसतं नियमांवरून बांधलेलं अनुमान नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाच्या काळचा प्राकृत लेख आहे. त्यात नहपानाची मुलगी, उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनं भिक्षूंसाठी खोली दान केल्याचं म्हटलं आहे, आणि खोलीला शब्द वापरला आहे ‘ओवरक’. म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या बौद्ध विहारातल्या खोलीला जो शब्द होता, तोच आज वारकऱ्याच्या तोंडी आहे. त्याच लेण्यांतल्या लेखांत ‘लेण’ हा शब्दही आहे, लयन म्हणजे आश्रयस्थान. ‘अय’चा ‘ए’ होतो, म्हणून लयनाचं लेणं आणि त्रयोदशीची तेरस.

घरातल्या देव्हाऱ्याची गंमत वेगळी. देवगृह, देवघर, देवहर, देव्हारा. समासात मध्ये आलेल्या ‘घ’चा ‘ह’ झाला. मातृगृहाचं माहेर झालं ते असंच. माहेर म्हणजे अक्षरशः आईचं घर. पुढे लोकांनी ‘देव’ आणि ‘घर’ पुन्हा नव्यानं जोडून देवघर केलं. एकाच मालमसाल्याचे दोन शब्द, वेगवेगळ्या काळी बांधलेले, आणि भाषेनं दोघांना कामं वाटून दिली: देवघर म्हणजे खोली किंवा जागा, देव्हारा म्हणजे लाकडी किंवा धातूची बैठक.

कामांची ही वाटणी नीट समजली की धार्मिक शब्दांचं निम्मं कोडं सुटतं. झिजत झिजत आलेला शब्द आपल्याकडे होताच. वर पंडितांनी आणि कीर्तनकारांनी तोच संस्कृत शब्द जसाच्या तसा पुन्हा आणला. आधीच्याला तद्भव म्हणतात, नंतरच्याला तत्सम. दोघं शेजारी नांदायचे तर अर्थ वेगळे व्हावेच लागतात. काशीची यात्रा असते, पण म्हसोबाची जत्रा. जत्रेत पाळणे, भेळ आणि कुस्त्या आल्याच. कर्म मागच्या जन्माचं, काम आजचं. योगी ध्यानाला बसतो, जोगी दारात येतो. आणि भक्त? भज् म्हणजे वाटणं, वाट्याला येणं. भक्त म्हणजे वाटा. अन्नाचा वाटा, शिजवलेला तांदूळ असाही संस्कृतात अर्थ आहे. भक्त, भत्त, भात. ताटातला भात आणि मंदिरातला भक्त हे दोन्ही एकाच शब्दातून निघाले आहेत. भाग, भाग्य आणि भगवान याच धातूचे. भक्ती म्हणजे कुणाच्या तरी वाट्याला आपण जाणं, त्याचे होणं. भक्तीचा हा अर्थ मला कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त भिडतो.

प्रसाद आणि नैवेद्य हे लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण शब्दांनी सीमा आखून दिली आहे. नैवेद्य हा ‘नि’ अधिक ‘विद्’ यावरून, म्हणजे निवेदनाचा सख्खा भाऊ: जे देवाच्या कानावर घालायचं, त्याच्यापुढे मांडायचं ते. देवापुढे पाण्यानं चौकोन काढून त्यावर ताट ठेवतात, तुळशीचं पान घालतात, ताटाभोवती पाणी फिरवून प्राण, अपान अशा पाच वायूंची नावं घेतात. इथपर्यंत तो नैवेद्य, गावाकडे निवद. त्यानंतर वाटायला घेतला की प्रसाद. प्रसाद म्हणजे ‘प्र’ अधिक ‘सद्’, खाली बसणं, निवळणं. गढूळ पाणी गाळ खाली बसून निवळलं की संस्कृतात ते ‘प्रसन्न’ होतं. देव प्रसन्न झाला म्हणजे निवळला, आणि त्या प्रसन्नतेचा जो कण हातावर पडतो तो प्रसाद. म्हणून वाटण्याआधी कुणी ‘प्रसाद दाखवला’ म्हणालं की शब्द उलटा पडतो. दाखवतात तो नैवेद्य.

याच प्रसादाचं जुनं मराठी रूप पसाय. द गळाला, प्रचा प झाला. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मधल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी नऊ ओव्यांचं जे मागणं आहे, ते पसायदान, म्हणजे कृपेचं दान. इथं एक चूक फार वेळा होते. ओंजळ या अर्थी ‘पसा’ हा मराठी शब्द आहे, पसाभर तांदूळ म्हणतो तो. त्यावरून पसायदान म्हणजे ‘पसाभर दान’ असं सांगितलं जातं. पण पसा आला प्रसृत या शब्दावरून, म्हणजे पसरलेला हात. पसा आणि पसाय यांचा नातेसंबंध नाही, आणि अवघ्या विश्वासाठी मागितलेलं दान ओंजळीत मावणारंही नाही.

तीर्थ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणं यावरून आला. तीर्थ म्हणजे नदीचा उतार, जिथून पलीकडे जाता येतं ती जागा. जैनांचे तीर्थंकर हे असा उतार तयार करणारे. नदीकाठच्या त्या जागा पवित्र झाल्या आणि मराठीत मग पळीतल्या पाण्यालाही तीर्थ म्हणू लागले. संध्या-तर्पण करणाऱ्यांना आणखी एक अर्थ रोज लागतो: हातावरची तीर्थं. बोटांची टोकं म्हणजे देवतीर्थ, करंगळीचं मूळ म्हणजे प्रजापतीचं तीर्थ, अंगठ्याचं मूळ म्हणजे ब्रह्मतीर्थ, अंगठा आणि तर्जनी यांमधली जागा म्हणजे पितृतीर्थ. देवांना तर्पण बोटांच्या टोकांवरून, पितरांना अंगठा-तर्जनीमधून. पाणी कुठल्या वाटेनं सोडायचं, ती वाट म्हणजे तीर्थ. म्हणजे पुन्हा मूळचाच अर्थ, ओलांडण्याची जागा.

आता शब्दांच्या फोडीबद्दल. ‘मन’ अधिक ‘त्र’, मनन करणाऱ्याला तारतो तो मंत्र. ‘गु’ म्हणजे अंधार आणि ‘रु’ म्हणजे तो घालवणारा, म्हणून गुरु. या निरुक्ती परंपरेनं दिलेल्या आहेत आणि त्या चिंतनासाठी आहेत. तिथं त्यांचा मान आहे. घोटाळा होतो तो त्यांना शब्दाचा जन्मदाखला समजल्यावर. मंत्रातला ‘-त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय आहे. पिण्याचं साधन पात्र, पांघरायचं वस्त्र, कापायचं शस्त्र, नेणारा तो नेत्र. तसं मननाचं साधन मंत्र. ‘त्र’ म्हणजे तारणं असं धरलं तर पात्र आणि वस्त्र कुणाला तारतात, हे सांगावं लागेल. गुरु म्हणजे जड, वजनदार. छंदातला गुरु आणि लघु आठवा, लॅटिनमधला ‘ग्राविस’ याच कुळातला. ज्याच्या शब्दाला वजन तो गुरु. असुराचं तर उलटंच झालं. मूळ शब्द असुर, ‘असु’ म्हणजे प्राण. ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही असुर म्हटलं आहे. पुढे आरंभीचा ‘अ’ नकाराचा समजला गेला आणि तो काढून ‘सुर’ हा देवांसाठी शब्द तयार झाला. इथं चुकीच्या फोडीनं एक नवा शब्दच जन्माला घातला.

आरती आणि आर्ती यांचीही अशीच गल्लत होते. आर्तपणे म्हणतात ती आरती, हे कानाला पटतं. पण दिवा ओवाळण्याच्या विधीचं संस्कृत नाव आरात्रिक आहे, त्यात रात्र आहे. आरात्रिक, आरत्तिअ, आरती. तसंच निरांजन. मूळ शब्द नीराजन, म्हणजे ओवाळणं. राजे मोहिमेआधी घोड्यांना आणि शस्त्रांना ओवाळत, तो विधी. तुपाच्या फुलवातीचा जो छोटा दिवा त्यासाठी वापरतो, त्यालाच ते नाव चिकटलं. ‘निरंजन’ म्हणजे काजळी नसलेला, निर्मळ. हा शब्द वेगळा आहे. निरांजनाला काजळी धरते, हे घासणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

‘विटेवर उभा म्हणून विठ्ठल’ हे ऐकलं की मी आधी वीट तपासायला सांगतो. वीट आली इष्टकेवरून: इष्टका, इट्टा, मराठीत आरंभी व चढला आणि वीट झाली. कन्नडमध्ये विटेला आजही इट्टिगे म्हणतात, त्यात व नाही. विठ्ठल मात्र कन्नडमध्येही ‘वि’नंच सुरू होतो. दुसरीकडे विष्णू या शब्दाचं कन्नड रूप बिट्टि आहे; होयसळ राजा विष्णुवर्धन याचं नाव बिट्टिदेव होतं. विठ्ठल या नावाचा धागा अभ्यासकांनी इकडे जोडला आहे आणि ध्वनीच्या कसोटीवर तो विटेपेक्षा जास्त टिकतो. वीट पुंडलिकाच्या कथेतली आहे; भक्तीत तिचं स्थान अढळ आहे, नावात मात्र ती नाही.

एखादा शब्द स्वतः तपासायचा असेल तर मी या क्रमानं जायला सांगेन. आधी तो मोठ्यानं म्हणा. मराठीत च आणि ज दोन तऱ्हांनी उच्चारतात. जप, जन्म, चरण यांत तो तालव्य, जीभ टाळूला लावून केलेला; असा शब्द बहुधा तत्सम. जत्रा, जोगवा, जानवं यांत दाताजवळचा ज, म्हणजे बहुधा घरचा झिजलेला शब्द किंवा फारसीतून आलेला. मग शेजारच्या भाषांत भावंडं शोधा. मराठी जानवं, हिंदी जनेऊ, गुजराती जनोई. तिघांत समान काय? आरंभी ज, मग न, मग ओठांनी उच्चारायचा एक स्वर किंवा व. आता मूळ ठेवा: यज्ञोपवीत. आरंभीच्या यचा ज (यात्रा, जत्रा), ज्ञचा ण्ण, पचा व, त गळाला: जण्णोवईअ. तिन्ही भाषा यातून सहज निघतात. एकाच भाषेत बसणारी आणि भावंडांना बाहेर ठेवणारी फोड बहुतेक वेळा खोटी निघते.

नियमांना अपवाद आहेत, ते लपवू नयेत. क्षणाचा सण झाला पण भिक्षेची भीक झाली. क्षचे दोन रस्ते होते, छचा आणि खचा, आणि मराठीत दोन्हीकडची माणसं आली. ‘द्व’चा ब झाला, तरी द्वाराचं दार झालं, बार नाही. अपवाद दिसला की त्याच्यासारखा दुसरा शब्द सापडतो का बघायचं. सापडला तर तो पोटनियम. नाही सापडला तर घाई करायची नाही.

आणि शब्द परका असेल तर प्राकृताचे नियम लावायचेच नाहीत. देवापुढची समई अरबी-फारसी ‘शमा’वरून आली आहे, म्हणजे मेणबत्ती. अबीर अरबी, गुलाल फारसी; देवळातला नगारा अरबी, सनई फारसी. समईची संस्कृत फोड शोधणाऱ्यांनी ‘सम’ आणि ‘ई’ वेगळे करून पाहिले आहेत, त्यातून काही निष्पन्न होत नाही. नाताळ पोर्तुगीज ‘नताल’वरून, म्हणजे जन्म, पाद्री पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून, मूळ अर्थ बाप, गोव्यातली इगर्ज ज्या ग्रीक शब्दापर्यंत जाते, त्याचा अर्थ सभा. ख्रिस्त हा ग्रीक शब्द, अर्थ अभिषिक्त. उरूस म्हणजे अरबीत लग्न. पीराची पुण्यतिथी ही त्याच्या परमेश्वराशी झालेल्या मीलनाची तिथी मानली जाते, म्हणून तो उरूस. पीर म्हणजे फारसीत म्हातारा माणूस. नमाज मात्र अरबी नाही. अरबीत त्या प्रार्थनेला सलात म्हणतात. नमाज फारसी आहे, आणि फारसीच्या पूर्वजाचं संस्कृतशी जवळचं नातं आहे. नमाजातला ‘नम’ आणि ‘ॐ नमः’मधला ‘नम’ हा एकच धातू, अर्थ एकच: वाकणं.